घरात एक मांजर आहे अन् दुसरं मोठं मांजर आणताय? पोतं सोडायच्या आधी हे वाचा

लासूर स्टेशन (ता. गंगापूर) : मका घरात आला, गहू कोठीत भरला, कांदा चाळीत गेला की उंदीर हजर. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, एका मांजराने काही होत नाही, अजून एक आणा. पिलू आणलं तर ते मोठं होईपर्यंत वाट कोण पाहणार? म्हणून मोठंच मांजर शोधलं जातं. कुणाची बदली झालेली असते. कुणी वाळूजला भाड्याच्या खोलीत राहायला गेलेलं असतं आणि घरमालक मांजर ठेवू देत नाही. कुठे म्हातारी वारली आणि तिचं मांजर मागे राहिलं. त्यांना द्यायचं असतं, आपल्याला हवं असतं. पोत्यात घालून, तोंड बांधून, मोटारसायकलवर पुढ्यात ठेवून ते घरी येतं आणि ओट्यावर पोतं सोडलं जातं. पुढच्या दोन मिनिटांत काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

आमच्या घरी हेच झालं होतं. जुनी मांजरी सहा वर्षांची, कोठीजवळ झोपणारी. नवा बोका नात्यातल्यांकडून आणलेला, चांगला दांडगा. पोतं सुटलं तसा बोका आधी भिंतीवर, मग पत्र्यावर. मांजरी फुगून दुप्पट झाली. सोडवायला गेलो तर मनगटावर चार ओरखडे. बोका रात्रभर पत्र्यावर ओरडत राहिला. तिसऱ्या दिवशी तो होता, मांजरी नव्हती. आठ दिवस तिची ताटली भरून ठेवली. आई म्हणाली, रुसून गेली. तेव्हा मलाही तेच वाटलं. आता कळतं की ती रुसली नव्हती. तिला हाकललं गेलं, आणि ते काम बोक्यापेक्षा आमच्या घाईने जास्त केलं.

आपल्या गावात घर सोडलेल्या मांजराचं पुढे काय होतं? एकीकडे रेल्वेचे रूळ, दुसरीकडे रात्रंदिवस वाहता रस्ता, मधे मोकाट कुत्री. म्हणून ही दोन मिनिटं साधी नाहीत.

मांजर असं का वागतं?

बाजारातून नवी म्हैस आणून दावणीला बांधली तर जुन्या म्हशी दोन-चार दिवस शिंगं लावतात, मग कोण पुढे कोण मागे हे ठरतं आणि गोठा शांत होतो. शेळ्यांचंही तसंच. हे कळपातले प्राणी. त्यामुळे आपल्याला वाटतं, मांजरंही भांडतील आणि मिटवतील. इथेच चूक होते.

घरातल्या मांजराचा मूळ वंश पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतल्या रानमांजराचा. ते एकट्याने शिकार करतं. उंदीर असतो एकाच्या पोटापुरता, त्यात वाटणी नाही. वाटणी नाही म्हणून कळप नाही, फक्त आपापला इलाखा. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, साठ्याला उंदीर लागले आणि उंदरांमागे मांजर वस्तीत आलं. सायप्रस नावाच्या बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं आहे, ते साधारण ९,५०० वर्षांपूर्वीचं. त्या बेटावर मुळात मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी होडीत घालून नेलेलं. मांजर एका गावाहून दुसऱ्या गावी नेणं एवढं जुनं आहे. पण इतकी वर्षं माणसाजवळ राहूनही इलाख्याची खोड गेलेली नाही.

हा इलाखा मांजर डोळ्यांपेक्षा नाकाने ओळखतं. त्याच्या गालावर, हनुवटीखाली, पंजांमध्ये, शेपटीच्या बुडाशी वासाच्या ग्रंथी असतात. ते चौकटीला गाल घासतं, खांब ओरबाडतं, तुमच्या पायाला अंग घासतं, तेव्हा सातबाऱ्यावर नाव चढवत असतं असं समजा. आता त्या घरात अनोळखी वास घेऊन एक मोठं जनावर अचानक आलं, तर जुन्याच्या दृष्टीने कुणीतरी बांध कोरला. आणि नव्याच्या दृष्टीने? त्याचं तर सगळं शेतच गेलं. दोघंही घाबरलेले असतात. गुरगुरणं हे रागापेक्षा भीतीचं जास्त असतं.

यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची. आधी वासाची ओळख, मग आवाजाची, मग नजरेची, आणि सगळ्यात शेवटी समोरासमोर. आपण नेमकं उलटं करतो.

आणायच्या आधी चौकशी करा

सोयरीक जुळवताना करतो तेवढी नको, पण थोडी चौकशी हवीच. बोका की मांजरी? ऑपरेशन झालंय का? आधी दुसऱ्या मांजरासोबत राहिलंय का? लस कधी दिली? काय खातं? ऑपरेशन न झालेले दोन मोठे बोके एका घरात नांदवणं सगळ्यात अवघड. एक बोका, एक मांजरी, दोघांचंही ऑपरेशन झालेलं, हे तुलनेने सोपं. तुमच्या मांजरीला नुकतीच पिलं झाली असतील तर सध्या नवं मांजर आणूच नका, पिलांसाठी ती कुणाचंही ऐकत नाही.

अजून एक खरं सांगतो. शहरातल्या खोलीत वाढलेलं मांजर उंदीर धरेलच असं नाही. काहींनी जन्मात उंदीर पाहिलेला नसतो. फक्त उंदरांसाठी आणत असाल आणि ते धरत नाही म्हणून महिन्याने सोडून देणार असाल, तर आणू नका. मुकं जनावर उपाशी-तहानलं मरेल अशा अवस्थेत सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. बाजाराच्या दिवशी पोतं घेऊन येऊन मांजर सोडणारे हे लक्षात घेत नाहीत.

आणताना पोतं नको. उन्हात पोत्यात जीव गुदमरतो. झाकणाची टोपली, किंवा टोमॅटोचे दोन प्लॅस्टिक कॅरेट एकावर एक उलटे ठेवून तारेने बांधले की चांगला पिंजरा होतो. वरून ओढणी टाका, हवा येऊ द्या. निघण्याआधी दोन-तीन तास पोटभर खायला देऊ नका. आणि त्याच्या जुन्या घरातून गोधडीचा तुकडा, पोतेरं, जे काही त्याच्या झोपण्याचं असेल ते मागून आणा. धुऊ नका. त्या तुकड्याला त्याच्या घराचा वास असतो, नव्या जागी तेवढाच आधार.

पहिले पंधरा दिवस : एक दार मधे

नवं मांजर घरात येईल ते थेट एका बंद खोलीत. जुन्याला दिसताही कामा नये. कोठीची खोली, वापरात नसलेलं न्हाणीघर, काहीही चालेल. मात्र खतं-औषधं ठेवायची खोली नको. फवारणीच्या रिकाम्या डब्यालासुद्धा मांजर अंग घासतं आणि मग तेच अंग चाटतं. आत लपायला एक खोका, पाणी, खाणं आणि जरा लांब कोपऱ्यात घमेल्यात बारीक वाळू. हगायची जागा आणि खायची जागा मांजर एकत्र सहन करत नाही. रोज वाळूतली घाण काढा.

एक-दोन खोल्यांचं घर असेल तर? आपल्याकडे बहुतेकांचं तेच आहे. मग मोठा पिंजरा करून चारी बाजूंनी गोणपाट लावा आणि तो माणसांच्या वर्दळीपासून दूर ठेवा. रात्री किंवा जुनं मांजर बाहेर फिरायला गेलं की दार लावून नव्याला घरात मोकळं सोडा. त्याचेही पाय मोकळे होतात आणि त्याचा वास घरात पसरतो.

हे वेगळं ठेवणं दोन कारणांसाठी. एक स्वभावाचं, दुसरं रोगाचं. मांजरांमध्ये पॅनल्युकोपेनिया नावाचा फार वाईट विषाणूचा आजार आहे. उलट्या, जुलाब, ताप, मांजर मान टाकून पडतं, आणि लस नसेल तर पुष्कळदा जातं. हा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर वर्षभरसुद्धा टिकतो. म्हणून ज्या घरात नुकतंच मांजर अशा आजाराने मेलं असेल तिथे बिनालसीचं मांजर आणायचं नाही. नव्याला पंधरा दिवस वेगळं ठेवलं, भांडी वेगळी ठेवली, एकाला हात लावल्यावर साबणाने धुऊन मग दुसऱ्याला लावला, तर बराच धोका टळतो. याच काळात पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवून जंताचं औषध, रेबीजची आणि या आजाराची लस उरकून घ्या. कानात काळा मळ, अंगावर पिसवा, गोल टक्कल हेही दाखवा. गोल टक्कल बहुधा गजकर्णाचं असतं, ते लेकरांनाही लागतं.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण शेतकऱ्यांच्या घरात ती हमखास होते. गाई-म्हशींच्या गोचिडावर मारायचं औषध पिसवांसाठी मांजराला चुकूनही लावू नका. डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन असल्या औषधांनी मांजराला झटके येतात. त्यांचं लिव्हर हे पचवू शकत नाही. ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी दिली तर एका गोळीतही मांजर दगावतं. आणि आपला तर कांद्याचा पट्टा. कांदा-लसूण घातलेली भाजी, रस्सा मांजराला देऊ नका, कच्चा असो की शिजलेला, त्याने मांजराचं रक्त खराब होतं. उंदराचं औषध घरात टाकलेलं असेल तर आधी उचला. औषध खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही जातं.

आता ओळख. दोन-तीन दिवसांनी नवं मांजर खाऊ-पिऊ लागलं की एक जुना मोजा किंवा सुती फडकं घ्या. नव्याचे गाल, हनुवटी हळूच पुसा. ते फडकं जुन्याच्या ताटलीपासून हातभर अंतरावर ठेवा. जुन्याचं फडकं नव्याकडे. पहिल्यांदा जुनं मांजर वास घेऊन फिसकारेल, पाठ फिरवेल. काही बोलू नका. फडकं रोज थोडं ताटलीजवळ सरकवा. ज्या दिवशी ते फडक्याशेजारी निवांत जेवेल, त्या दिवशी निम्मं काम झालं.

मग दोघांना बंद दाराच्या दोन बाजूंना एकाच वेळी खायला द्या. आधी दारापासून लांब, मग रोज वीतभर जवळ. शेजारी कुणीतरी आहे आणि ते असलं की चांगलं खायला मिळतं, एवढंच त्यांच्या डोक्यात बसवायचं आहे. या वेळी उकडलेलं चिकन, सुकट पाण्यात भिजवून खारटपणा काढलेली, अंडं, जे आवडत असेल ते. दूध-चपातीवर भागवू नका. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात. टॉरिन नावाचा घटक मांजराला मांस-मासळीतूनच मिळतो आणि तो नसेल तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतं. माळकरी घरात हा पेच पडतो, मला माहीत आहे. तिथे मांजर आपलं आपण उंदीर धरून भागवतं. पण बंद खोलीत ठेवलेल्या नव्याला ती सोय नसते. त्याच्यासाठी दुकानात मिळणारं मांजराचं कोरडं खाणं आणा.

समोरासमोर

दाराच्या दोन्ही बाजूंना चिकटून दोघं शांत जेवू लागली, की दार बोटभर उघडा किंवा जाळी लावा. दिसू द्या. दोन-चार मिनिटं, मग बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा. यात आठवडा जाईल किंवा तीनही जातील. मोठ्या मांजराला पिलापेक्षा वेळ जास्तच लागतो. घड्याळ मांजराच्या पायात असतं, आपल्या नाही.

मग एक दिवस दोघांना पोटभर खाऊ घालून, घरात गोंगाट नसताना, लेकरं शाळेत गेल्यावर, एका खोलीत येऊ द्या. बाहेर जायचे दोन रस्ते मोकळे ठेवा, एकाला दुसऱ्याने कोपऱ्यात धरलं असं होऊ देऊ नका. उंच फळी, माळा, कोठीचं झाकण, चढायला काहीतरी असू द्या. उंचावर गेलं की मांजराचं निम्मं भांडण तिथेच संपतं.

फिसकारलं तर घाबरू नका, ते 'लांब राहा' असं सांगणं आहे आणि सांगितलेलं बरं. त्यासाठी जुन्याला मारू नका, ओरडू नका. नव्याला पाहिलं की मार बसतो एवढंच ते शिकेल. पण कान मागे चिकटले, अंग जमिनीला, पापणी न हलवता टक लावली आणि घशातून लांब हेल निघाला तर पुढे झडप आहे. मधे पुठ्ठा सरकवा किंवा वरून चादर टाका. हात घालायचा नाही. चिडलेलं मांजर त्या क्षणी समोर जे येईल त्याला चावतं, मालक असला तरी. माझे चार ओरखडे त्यातलेच होते.

चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. तिखट, चुना, हळद लावत बसू नका. रेबीज कुत्र्यामुळेच होतो असं नाही, मांजरामुळेही होतो आणि झाला की इलाज नाही. लसीचे जेवढे डोस डॉक्टर सांगतील तेवढे सगळे घ्या. घरचंच मांजर आहे, काय होतंय, असं म्हणू नका.

जोराचं भांडण झालं तर पुन्हा दाराआड, पुन्हा फडकं, पुन्हा ताटल्या. एक पाऊल मागे जाण्यात कमीपणा नाही.

जुन्याचा मान

या सगळ्या गडबडीत आपण नव्याचे लाड करतो. पाहुणा ना तो! जुनं बिचारं बघत राहतं. असं नको. खाणं आधी जुन्याला, झोपायची त्याची जागा त्याचीच, संध्याकाळी ते तुमच्या मांडीवर बसत असेल तर तसंच बसू द्या. ताटल्या दोन, त्याही एकमेकांना पाठ करून जेवता येईल अशा. पाणी दोन ठिकाणी. वाळूची घमेली मांजरं दोन असतील तर तीन असावीत असं पशुवैद्यक सांगतात, दोघांनाही बाहेर जायची सवय असेल तर कमीत भागतं. माकडाने दोन मांजरांचा लोण्याचा गोळा कसा फस्त केला ती गोष्ट आपण लेकरांना सांगतो. पण गोळा मुळात एकच ठेवला ही चूक कुणाची, ते कुणी विचारत नाही.

मन खाल्लेलं मांजर सांगत नाही, शरीर दाखवतं. दोनपैकी कुणीही दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर दवाखाना गाठा. मांजराला उपास मानवत नाही, सरळ लिव्हरवर येतं. बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि लघवीचा थेंब येत नाही, तर उद्यावर ढकलू नका. ताणामुळे बोक्याची लघवी अडू शकते आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक मुख्यतः गुराढोरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी आहे, पण जवळचा डॉक्टर कोण हे तिथे विचारायला हरकत नाही.

ऑपरेशनबद्दल गैरसमज फार. ऑपरेशन केलं की मांजर आळशी होतं, उंदीर धरत नाही, असं पारावर सांगितलं जातं. शिकार करायची खोड ऑपरेशनने जात नाही. जाते ती रात्री-बेरात्री रडण्याची, भिंतीवर मुतून वास मारण्याची आणि बोक्याबोक्यांत रक्तबंबाळ होण्याची सवय. शिवाय मांजरी चार-पाच महिन्यांचीच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. तुम्ही दोन मांजरं आणलीत आणि ऑपरेशन केलं नाही, तर वर्षाच्या आत पोतं घेऊन दुसऱ्याच्या दारात तुम्हीच उभे राहाल.

किती जमेल अशी आशा ठेवायची?

काही मांजरं महिन्या-दोन महिन्यांत एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपतात. बरीचशी तसं करत नाहीत. एक ओट्यावर, दुसरं माळ्यावर, वाटेत भेटली तर मान वळवून पुढे. हेही जमलंच म्हणायचं. भावकीतही एवढं जमलं तरी आपण देवाचे आभार मानतो. मात्र दोन-तीन महिने नेटाने करूनही रोज रक्त निघत असेल, एक जण कायम लपून बसत असेल, तर नव्यासाठी दुसरं घर शोधा. जिथे मांजर नाही अशा शेतवस्तीवर, ओळखीच्या माणसाकडे, पुन्हा तीच टोपली आणि गोधडीचा तोच तुकडा देऊन.

राहिली गोष्ट बाहेर सोडायची. दोघांचं जमलं तरी नव्याला किमान तीन ते चार आठवडे घराबाहेर सोडू नका. त्याआधी सोडलं तर ते जुन्या घराच्या वाटेला लागतं आणि वाटेतच हरवतं. पहिल्यांदा सोडाल तो दिवस पावसाचा नको, लग्नाच्या वरातीचा नको, फटाक्यांचा तर नकोच. सांजेला, जेवायच्या वेळेआधी, पोट रिकामं असताना दार उघडा आणि उघडंच ठेवा. उचलून बाहेर नेऊ नका, त्याचं त्याला उंबऱ्यावर बसू द्या. इतके दिवस खायला देताना ताटलीवर चमचा वाजवायची सवय लावली असेल, तर अर्ध्या तासाने तोच चमचा वाजवा. बहुतेक वेळा जुनं मांजर आधी येतं, आणि त्याच्या मागोमाग चार हात अंतर ठेवून नवं.